परदेश अभ्यास दौरे : बसमधला वेळ आणि बांधावरचा वेळ

महोदय,

राज्याच्या कृषी विभागाच्या शेतकरी परदेश अभ्यास दौऱ्यांबद्दल जे छापून येते, त्यातले दोन सूर ठरलेले असतात. सरकारच्या पैशाने मंडळी मौजमजा करून येतात, हा एक. आणि आपल्या शेतकऱ्याने जग पाहिलेच पाहिजे, हा दुसरा. मी नेदरलँड्समध्ये राहतो, हरितगृहांच्या व्यवसायात काम करतो आणि सवड असेल तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या गटांबरोबर दुभाष्या म्हणून फिरतो. त्या अनुभवावरून मला या दोन्हींपेक्षा वेगळे काही मांडायचे आहे. शेतकऱ्याच्या अनास्थेमुळे दौरा फसल्याचे मी क्वचित पाहिले. तो फसतो आखणीत. आठ-दहा दिवसांत तीन-चार देश, रोज नवे हॉटेल आणि प्रत्यक्ष शेतावर जेमतेम तासभर, अशा कार्यक्रमात फुलांचे ताटवे आणि पवनचक्क्या दिसतात. शाश्वत शेतीचे प्रयोग मात्र या घाईत हाती लागत नाहीत, कारण त्यांत डोळ्यांना दिसण्याजोगे थोडे असते आणि विचारून समजून घेण्याजोगे पुष्कळ असते.

पहिली अडचण पंचांगाची आहे. अनेक गट मार्चअखेरच्या तोंडावर इकडे येतात आणि तरतूद खर्ची घालण्याची घाई हे त्याचे कारण उघड आहे. त्या दिवसांत इथली बहुतेक उघडी शेते ओली, काळपट आणि रिकामी असतात. कांद्याचे उदाहरण घ्या. इथला बहुतांश कांदा वसंतात थेट बी पेरून घेतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढतात; काढलेला कांदा मोठ्या गोदामांत सुटा ढीग करून ठेवतात, ढिगाखालच्या पाटांतून पंख्याने उबदार हवा सोडून आधी त्याच्या माना सुकवतात आणि मग हळूहळू तापमान उतरवत नेतात. वाऱ्याच्या भरवशावर चाळ बांधणाऱ्या लासलगाव-निफाडच्या शेतकऱ्याला यातले काही जसेच्या तसे उचलता येणार नाही, पण मान नीट न सुकता कांदा चाळीत गेला तर काय होते हे त्याला कोणी सांगायला नको, आणि म्हणूनच या गोदामात तो खरे प्रश्न विचारू शकतो. मार्चमध्ये आलेल्या माणसाला मात्र निम्मे रिकामे गोदाम आणि बाहेर पेरणीची वाट पाहणारे रान दिसते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी यांच्यामध्ये द्राक्ष बागायतदाराला थोडी उसंत मिळते; कोरडवाहू शेतकऱ्यालाही खुरपणी-कोळपणी उरकली की श्रावणात पाठ टेकायला वेळ सापडतो. तोच काळ इथे उभ्या पिकाचा आणि सुरू होऊ घातलेल्या काढणीचा असतो. आर्थिक वर्षाऐवजी पीकवर्ष पाहून तारखा ठरवल्या तर एक पैसाही जास्त लागणार नाही.

दुसरी अडचण कागदांची. युरोपातल्या बहुतेक देशांत एकत्र चालणाऱ्या अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ही माहिती कोणतीही प्रवासी कंपनी देते. खरी अडवणूक होते ती आयकर विवरणपत्र आणि बँकेचे खाते मागितल्यावर. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने ज्याचा संसार निव्वळ शेतीवर चालतो, त्याने विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. त्याच्या खात्यावर कारखान्याचे उसाचे बिल किंवा व्यापाऱ्याचा धनादेश वर्षातून दोन-चारदा जमा होतो आणि पीककर्ज, खत, मजुरी यांत वाटून जातो. दरमहा पगार पाहण्याची सवय असलेल्या नजरेला हे खाते संशयास्पद वाटते. त्यातच अर्जाच्या आठवडाभर आधी पाहुण्यांकडून उसने घेऊन मोठी रक्कम भरली की संशय पक्काच होतो. सातबारा मराठीत असतो, त्याचे प्रमाणित भाषांतर लागते; त्यावर नाव वडिलांचे किंवा चार भावांचे सामाईक असते; पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असतो. ही गाठ सोडवायला महिना-दोन महिने हवेत आणि निवडीचे पत्र हातात पडते तेव्हा तेवढे उरलेले नसतात.

याच कागदांपायी बायका गळतात, हे वेगळे सांगायला हवे. योजनेसाठी सातबारा आणि आठ-अ लागतो आणि जमीन बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. रोपवाटिका, भाजीपाला, गोठा ही कामे जिच्या हातची, ती घरी राहते आणि ज्याने आयुष्यात धार काढलेली नाही असे गृहस्थ इथल्या गोठ्यात येऊन दुधाची फॅट विचारतात. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्तीची सोय राज्यात कित्येक वर्षांपासून आहे. पण तिचे नाव लागेपर्यंत निदान शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासदत्व किंवा बचत गटाचा दाखला ग्राह्य धरायला काय हरकत आहे?

आता प्रत्यक्ष प्रवासाबद्दल. युरोपीय संघाच्या नियमानुसार बसचालकाने साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटे थांबावेच लागते, दिवसाचे चालवण्याचे तास साधारणपणे नऊ आणि रात्रीची सलग विश्रांती सामान्यतः अकरा तासांची. हे सगळे गाडीतल्या यंत्रात नोंदले जाते. ‘भाऊ, अजून एक शेत करून टाकू’ म्हणून चालकाला चहा पाजून भागत नाही. सकाळी हॉटेलात नाश्त्याला उशीर झाला की त्याचा फटका संध्याकाळच्या भेटीला बसतो, आणि इथल्या शेतकऱ्याने दिलेली दहाची वेळ म्हणजे दहाच असते. बहुतेक शेतांवर माणसे मोजकी असतात. दीड तास उशिरा पोचलेल्या बसला दाखवायला जो माणूस थांबणार होता, तो तोवर ट्रॅक्टर घेऊन निघून गेलेला असतो. त्याला दोष देता येत नाही. शिवाय अशा भेटींसाठी अनेक ठिकाणी माणशी किंवा गटामागे शुल्क आकारतात, आणि पन्नास जणांचा गट छोट्या प्रकल्पावर घेतच नाहीत. आमच्या प्रवासी कंपन्या शुल्क वाचवण्यासाठी फुकट दाखवणाऱ्या ठिकाणी नेतात. फुकट कोण दाखवतो? ज्याला बियाणे, यंत्र किंवा हरितगृहाचा सांगाडा विकायचा आहे तो. विक्रेत्याकडे जायला माझी हरकत नाही, पण तो कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रगत शेतकऱ्याच्या शेताला भेट’ म्हणून छापला जातो, याला आहे.

सर्वांत कमी बोलले जाते ते रोगराईच्या नियमांबद्दल, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. टोमॅटोवरचा ‘ब्राऊन रुगोस’ विषाणू २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडला. तो हातांना, कपड्यांना, चाकूला, मोबाइलला चिकटून पसरतो आणि एकदा शिरला की अख्खे हरितगृह रिकामे करून धुवून काढावे लागते. तेव्हापासून टोमॅटोच्या हरितगृहांत पाहुण्यांना प्रवेश मिळवणे अवघड झाले आहे. मिळालाच तर अंगभर पांढरा एकदाच वापरायचा झगा, हातमोजे, बुटांवर पिशव्या, आणि पिकाला स्पर्श नाही. एका गटाला मी दारातूनच परत फिरताना पाहिले, कारण त्याच सकाळी ते दुसऱ्या टोमॅटो हरितगृहातून आले होते आणि विचारल्यावर त्यांनी ते सरळपणे सांगितले. मंडळी हिरमुसली, पण हरितगृहाच्या मालकिणीच्या जागी असतो तर मीही तेच केले असते. कार्यक्रम आखणाऱ्याने एका दिवसात दोन टोमॅटोवाले ठेवायलाच नको होते.

गोठ्यांचे नियम याहून कडक आहेत. २००१ मध्ये लाळ्या खुरकुताच्या साथीत या छोट्या देशाने अडीच लाखांहून अधिक जनावरे मारली. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत ब्रँडनबर्ग प्रांतातल्या म्हशींत तोच रोग निघाला आणि पाठोपाठ हंगेरी, स्लोव्हाकियातही, तेव्हा इथे पुन्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. आपल्याकडे हा रोग कायमचा वस्तीला आहे आणि दौऱ्यावर निघण्याच्या दिवशी पहाटे आपला शेतकरी स्वतःच्या जनावरांना वैरण घालूनच विमानतळाकडे निघतो. त्यामुळे गोठ्याची भेट पहिल्या दिवशी ठेवू नये, शेवटच्या दोन दिवसांत ठेवावी. घरच्या गोठ्यात वापरलेली पादत्राणे आणूच नयेत. आणि ‘गेल्या काही दिवसांत जनावरांच्या संपर्कात होता का’ या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे. गोठ्याचे मालक स्वतःचे गमबूट आणि डगले देतात. धोतर किंवा नऊवारीवर तो डगला चढत नाही, ही गोष्ट निघण्याआधी सांगितली तर संबंधितांची कुचंबणा टळते.

खाण्यापिण्याचे फार मनावर घेऊ नये. दुपारी पाव आणि चीज, संध्याकाळी सहाला जेवण, हा इथला रिवाज आहे. माळकरी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे की जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी घातलेले वासराच्या जठरातले रेनेट असते. सामानात मात्र जपून. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला आणता येत नाहीत, म्हणजे घरचे तुपाचे डबे विमानतळावरच राहणार. आणि अननस, नारळ, ड्युरियन, केळी व खजूर या पाच फळांखेरीज कोणतेही ताजे फळ किंवा भाजी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. यजमानाला भेट म्हणून हापूसची पेटी नेण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण फळमाशीच्या कारणावरून याच युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती आणि ती उठायला पुढचे वर्ष उजाडले, हे कोकणातल्या बागायतदारांना चांगले आठवत असेल.

आता काय पाहायचे याविषयी. हेगजवळच्या वेस्टलँड या हरितगृहांच्या पट्ट्यातल्या टोमॅटोच्या हरितगृहात जमिनीला मातीच नसते. कमरेइतक्या उंचीवर टांगलेल्या पन्हाळींत रॉकवूलच्या, म्हणजे खडक वितळवून काढलेल्या तंतूंच्या लाद्या, प्रत्येक रोपाला ठिबकची नळी, वेल दोरीवर गुंडाळत वर नेलेला आणि परागीभवनासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात बंबलबी माश्यांची वसाहत. उत्पादन विचारले की उत्तर येते चौरस मीटरला साठ किलो. आपला माणूस मनात हिशेब मांडतो: गुंठ्याला सहा टन, एकरी अडीचशे टनांच्या घरात. त्या आकड्याने डोळे दिपतात आणि परतल्यावर पॉलिहाऊससाठी कर्जाचा अर्ज भरला जातो. पण त्या साठ किलोंमागे हिवाळ्यात हरितगृह उबदार ठेवणारा नैसर्गिक वायू आहे, पिकाला बाहेरून पुरवलेला कार्बन डायऑक्साइड आहे, दिवे आहेत, आणि हेक्टरी गुंतवणुकीचा आकडा ऐकला तर आपल्या जिल्हा बँकेचा व्यवस्थापक खुर्चीवरून उठेल. कार्बन डायऑक्साइडचीच गोष्ट घ्या: रॉटरडॅम बंदरातल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा आणि इथेनॉल कारखान्याचा वायू नळाने शेकडो हरितगृहांत आणून सोडला जातो. बुद्धी थक्क व्हावी अशीच ही व्यवस्था आहे, मात्र ती त्या बंदराच्या शेजारीच जमते. २०२२ मध्ये नैसर्गिक वायूचे भाव भडकले तेव्हा इथल्या कित्येकांनी हिवाळी पीक घेतलेच नाही. आपला प्रश्न तर थंडीचा नसून उन्हाळ्यातल्या ४२ अंशांचा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हा देश शेतमाल निर्यातीत जगात आघाडीवर असला तरी त्याच्या शेतजमिनीपैकी सेंद्रिय शेतीखाली जेमतेम चार-पाच टक्के जमीन आहे. ऑस्ट्रियात हेच प्रमाण पावभागाहून जास्त आहे. जनावरांच्या मलमूत्रातून सुटणाऱ्या अमोनियातल्या नायट्रोजनने इथली संरक्षित निसर्गक्षेत्रे इतकी बिघडली की २९ मे २०१९ रोजी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचे नायट्रोजन धोरणच रद्द ठरवले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टर घेऊन शेतकरी हेगच्या रस्त्यांवर उतरले. अभ्यास दौऱ्यावर आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. यश पाहण्याइतकेच हे पाहणेही उपयोगाचे आहे, विशेषतः ज्या तालुक्यांत गावोगाव दूध संकलन आणि कुक्कुटपालन वाढते आहे तिथल्या लोकांना.

मग पाहावे काय? माझ्या मते लेलीस्टाडला वॅगेनिंगेन विद्यापीठाचे ‘भविष्यातील शेत’ नावाचे प्रात्यक्षिक क्षेत्र आहे, तिथे पूर्ण दिवस द्यावा. समुद्र हटवून काढलेल्या फ्लेव्होलँडच्या सपाट जमिनीवर एकाच शेतात बटाटा, कांदा, गहू, गवत-क्लोव्हर यांचे पट्टे शेजारी शेजारी घेतात, म्हणजे रोग-कीड एका पट्ट्यातून पुढे पसरायला अडते आणि मित्रकीटकांना आसरा मिळतो. सोयाबीन-तुरीची पट्टा पेर करणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. त्याने विचारायचे ते पुढचे: पट्ट्याची रुंदी यंत्राच्या मापावर कशी बसवली, मजुरी किती वाढली, फवारणी खरोखर किती घटली, आणि कोणती जोडी फसली. मित्रकीटकांचा विषय निघाला की १९६७ मध्ये एका काकडी उत्पादकाने लाल कोळी खाणारा परभक्षी कोळी वाढवून सुरू केलेल्या कोपर्ट कंपनीपर्यंत जाता येते. आणि शेतमालाच्या भावाने गांजलेल्यांनी बॉक्स्टेलचे हेरेनबूरेन शेत पाहावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या शेताची मालकी सुमारे दोनशे कुटुंबांकडे आहे. प्रत्येक कुटुंबाने सुरुवातीला दोन हजार युरो घातले, शेतकरी पगारावर आहे आणि आठवड्याचा भाजीपाला, अंडी, मांस सभासद वाटून घेतात. पीक बुडाले तर तोटा सर्वांचा. ज्या दिवशी सभासद वाटा न्यायला येतात त्या दिवशी गेले तर त्यांच्याशीही बोलता येते. पण त्यासाठी दोन-तीन महिने आधी पत्र लिहून तो दिवस मागून घ्यावा लागतो.

दुभाष्याबद्दलही दोन शब्द. प्रवासी कंपनीचा मार्गदर्शक इंग्रजी आणि हिंदी बोलतो, पण त्याला फुटवा, वाफसा, बेणे आणि पाडा यांतले काही ठाऊक नसते आणि मग शेतकऱ्याचा नेमका प्रश्न ‘ते विचारतात, उत्पन्न किती’ एवढाच होऊन पलीकडे पोचतो. वॅगेनिंगेनला राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतून आलेली मराठी मुले-मुली शिकत असतात. रीतसर मानधन देऊन त्यांना बोलावले तर ती आनंदाने येतील. त्याआधी बारामतीचे भारत-डच भाजीपाला गुणवत्ता केंद्र प्रत्येक निवड झालेल्या शेतकऱ्याने पाहिलेले असावे, म्हणजे जे घरापासून एका दिवसाच्या अंतरावर दिसते तेच पाहायला सात हजार किलोमीटर यावे लागणार नाही.

परतीच्या वाटेवर एक मोह प्रत्येकाला होतो: खिशात चार बिया, पिशवीत एक फांदी. तो आवरलाच पाहिजे. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियाणे, रोपे, कलमे आयात परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्राशिवाय देशात आणता येत नाहीत आणि मातीलाही मोकळीक नाही. जे विषाणू इथे पाहुण्यांना दारात अडवतात, ते आपल्या नारायणगाव-संगमनेरच्या टोमॅटोत आपल्याच पिशवीतून पोचावेत, असे कोणालाही वाटणार नाही.

कृषी विभागाला माझी विनंती एवढीच आहे की निवड झालेल्या शेतकऱ्यांना निवडीच्या पत्राबरोबरच निश्चित कार्यक्रमपत्रिका द्यावी, तीत प्रत्येक ठिकाणाचे नाव, तिथे घालवायचे तास, ते शेत आहे की विक्रेता, आणि भेटीचे शुल्क कोण भरणार हे स्पष्ट लिहावे, आणि ती संकेतस्थळावरही टाकावी. निविदा काढताना देशांची संख्या मोजण्याऐवजी शेतावरच्या तासांना गुण द्यावेत. गट पंधरा-वीस जणांचा आणि शक्यतो एकाच पिकाचा असावा. परतल्यावर शेतकऱ्याकडून घेतलेला अहवाल तालुका कार्यालयाच्या कपाटात न ठेवता पुढच्या वर्षी त्याच देशाला निघणाऱ्या गटाच्या हाती द्यावा.

आपला,
एक वाचक
वॅगेनिंगेन, नेदरलँड्स